डोझर ठरवताना आधी माती बघा
आमच्या सांगोल्याच्या बाजूला लोक जेसीबीलाही बुलडोझरच म्हणतात. जेसीबी खोदून उचलतो, डोझर चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांच्या चेनवर चालतो आणि पुढच्या पात्याने माती ढकलतो. त्यामुळे डोझर हवा की नाही, हा प्रश्न अंतराचा. शंभर मीटरच्या आत माती सरकवायची असेल तर डोझर. त्यापुढे भरायला पोकलेन आणि वाहायला टिपर परवडतात.

मग पातं. सरळ पातं सपाटीकरणाला आणि कठीण मुरमाला. दोन्ही कडा पुढे वळलेलं पातं मोकळी माती जास्त धरतं, पण घट्ट जमिनीत नीट शिरत नाही. चढावर बांध टाकायचा असेल तर तिरकं होणारं पातं मागा, माती एका बाजूला पडत जाते. मुरूम फुटत नसेल तर मागे रिपर, म्हणजे जमीन फाडणारा लोखंडी दात, हवाच, नुसत्या पात्याने तिथे डिझेल जळतं. दलदलीत रुंद पट्ट्यांची चेन, खडकाळ रानात अरुंद.

जुनं मशीन घेताना माझी नजर रंगावर नसते, खाली असते. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरवणाऱ्या चाकाचे, दात टोकदार झालेत का, चेनीवर मशीनचं वजन पेलणाऱ्या रोलरमधून तेल गळतंय का, चेन किती सैल आहे? डोझरच्या देखभालीत सगळ्यात मोठा खर्च तिथेच जातो. मी एकदा चकचकीत रंगाला भुललो आणि हंगामाच्या मध्यात अख्खी चेन बदलली.

भाड्याने घेताना तासाचा दर ठरवता, तसा ट्रेलरने आणण्या-नेण्याचा खर्च कुणाचा हेही आधीच बोलून घ्या. आणि काळ्या रानात वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल उतरून जमीन कामाजोगी होईपर्यंत, थांबा.