डिझायरला कोणते टायर घालू? दोन नावांत अडकलेल्या भाच्यासाठी

भाच्याच्या डिझायरचे टायर पार गोटा झालेत. दुकानदाराने त्याच्यापुढे दोन नावं ठेवली: अपोलो अमेझर फोरजी लाईफ आणि मिशेलिन एनर्जी एक्सएम टू प्लस. "मावशी, दोन्ही ऑल सीझन आहेत म्हणतो. तू कुठला घेशील?" मी विम्याचं काम करते. बडोद्याच्या आसपास पादरा, वाघोडिया, हालोल हीच माझी रोजची फिरती, त्यामुळे घरातले टायरचे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच जरा नीट लिहिते.

ऑल सीझनवरून निवड होणारच नाही. थंड मुलुखात साधारण सात अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणून तिकडे हा फरक जिवावरचा. बडोद्यात तेवढी थंडी क्वचितच पडते. टायरवर 'एम प्लस एस' (म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तरी हुरळू नका, ते कंपनी स्वतःच छापते. बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं, आणि आपल्याला ते शोधायचं कारण नाही. आपल्याकडे परीक्षा दोनच. मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता आणि जूननंतरचं पाणी.

साइझ दुकानदाराला विचारू नका. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतो, तिथे पाहा. भाच्याची झेडएक्सआय आहे, तिला १८५/६५ आर १५ लागतो. खालच्या व्हेरिअंटला १६५/८० आर १४ येत असे, म्हणून नुसतं 'डिझायरचा द्या' म्हटलं तर घोळ होतो. साइझच्या पुढे ८८एच असं काही लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. इतकं पळवायचं कुणाला आहे, पण मूळ टायरपेक्षा खालचा आकडा स्वीकारू नका.

आता खरा प्रश्न: गाडी फिरते कुठे? भाचा कारेलीबागेतून मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, जातो. सिग्नल, गर्दी, चाळीसचा वेग. माझं अर्धं काम हायवेवर, आणि पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर चिखल सांडून ठेवतात. अमेझरच्या नावातच लाईफ आहे, तो खपतो तो जास्त चालतो म्हणून. मिशेलिनवाले या मॉडेलबद्दल बोलतात ते ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकबद्दल, आणि तेही टायर झिजल्यावरच्या. आपल्याकडे अपोलोची एक जास्तीची ओढ असते, कारण कारखाना इथे वाघोडियाजवळ लिमड्याला. ओढ असू द्या, हिशेब वेगळा करा.

हिशेब असा. नुसत्या समजुतीसाठी आकडे धरा, दुकानातला भाव तुमचा तुम्ही घाला. पहिला टायर ५,५०० रुपयांचा आणि चालला ५५,००० किलोमीटर, तर किलोमीटरला १० पैसे. दुसरा ६,५०० चा आणि चालला ४५,०००, तर साडेचौदा पैशांच्या आसपास. चारही चाकांचे धरले तर ४० पैसे आणि ५८ पैसे. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर फरक पडतो साधारण १८० रुपयांचा. एवढ्यात पावसात काही फूट आधी गाडी थांबणार असेल तर मी देते. गावातल्या गावात फिरणाऱ्याने नाही दिले तरी चालेल.

नवा टायर पावसात कुठलाही बरा चालतो. नव्यावर नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि खोबणीतून पाणी बाहेर फेकलं जातं. खोली तीनवर आली की वेगात टायर पाण्यावर तरंगायला लागतो, स्टिअरिंग एकदम हलकं होतं. खोबणीच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. त्याची वाट पाहू नका, तीनवर आला असेल तर पावसाळ्याआधीच बदला. म्हणूनच दोन मॉडेलांची तुलना करताना नव्या टायरचं कौतुक ऐकू नका. ज्यांचे तीस हजार किलोमीटर झालेत अशा टॅक्सीवाल्यांना विचारा, पावसात कसा धरतो ते. मॉडेलबद्दल त्यांच्याएवढं मोकळं कोणी सांगत नाही.

यापुढची गोष्ट मला मॉडेलपेक्षाही मोठी वाटते. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा माल. पुष्कळ टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, आणि ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकूनच बघावी लागते. म्हणून रिमवर चढवण्याआधी चारही टायर जमिनीवर आडवे ठेवायला सांगा आणि बोट ठेवून वाचा. आवडत्या मॉडेलचा दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल आणि दुसऱ्या मॉडेलचा तीन महिन्यांचा, असं असेल तर मी दुसरा उचलते. दुकानदार वैतागतो. वैतागू द्या.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. इथे हमखास वाद होतो. दुकानातल्या पोरानेही जॅक लावता लावता गुजरातीत सुनावलं, "बेन, नवां आगळ नाखो, एंजिन आगळ छे." एंजिन पुढे असलं तरी नवे मागेच. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की बहुतेक वेळा सावरते. मागची घसरली की गाडी गर्रकन फिरते, आणि मग हातात काही राहत नाही.

हवा स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, तीही सकाळी, टायर गार असताना. टायरवर हवेचा जो मोठा आकडा कोरलेला असतो ती कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. दुपारी हायवेवरून आल्यावर तीन-चार पॉइंट जास्त दिसले म्हणून काढूही नका, ती उष्णतेने वाढलेली असते.

भाच्याला मी अमेझर घे म्हटलं. माझ्या गाडीला मिशेलिन. वॉरंटी कार्डावर टायरचे नंबर दुकानातच लिहून घ्यायचे आणि फुगा आला, खड्ड्यात बाजू कापली तर काय, हे तेव्हाच विचारायचं. साध्या वॉरंटीत कापलेलं बहुतेक धरत नाहीत. अलाइनमेंट, बॅलन्सिंग त्याच दिवशी. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो घासला की मग पकड येते.