ड्रमवादकाने एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे तर

बँडमधला ड्रमर एकट्याने इलेक्ट्रॉनिक संगीत करायला घेतो, तेव्हा बहुधा स्टिक बाजूला ठेवून माऊसने संगणकाच्या पडद्यावर ठोक्यांच्या ग्रिडमधले चौकोन भरू लागतो. माझ्या मते तसे करू नये. हातात मुरलेला आघात आणि लयीची जाण हेच त्याचे भांडवल असते, आणि यंत्रात सर्वांत आधी तेच उतरवायला हवे.

सुरुवातीला ड्रमपॅड, ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारे आणि बाहेर काढणारे उपकरण), हेडफोन आणि संगणकावर ध्वनिमुद्रणाचे एखादे सॉफ्टवेअर एवढे पुरते. पॅडवर मारल्यानंतर आवाज उशिरा ऐकू आला तर चांगल्या वादकाचीही लय डळमळते. ४८,००० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) ५१२ सॅम्पलचा बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, सुमारे १०.७ मिलिसेकंदांचा उशीर करतो, तर १२८ सॅम्पलचा अवघा २.७ चा, म्हणून वाजवताना बफर लहान ठेवावा आणि मिक्सिंगला बसताना वाढवावा.

त्यानंतर पॅडच्या संवेदनशीलतेवर निवांत वेळ घालवावा. वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडी या प्रणालीत आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदला जातो. स्नेअर ड्रमच्या घोस्ट नोट (अगदी हलके ठोके) ३० च्या आसपास आणि मुख्य ठोके ११० च्या वर पडतील, असे पॅड लावावे. सगळेच ठोके शंभरीपार जात असतील, तर हाताची नजाकत यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. हा जोर आवाजाच्या पातळीबरोबरच सिंथच्या (सिंथेसायझरच्या) फिल्टरच्या कटऑफलाही, म्हणजे ज्याच्या वरचे तीव्र आवाज फिल्टर कापतो त्या मर्यादेलाही, जोडावा. मग हलक्या हाताने मारले की स्वर झाकलेला निघतो आणि जोर वाढवला की तोच स्वर उजळत जातो. ड्रमवादकाला सिंथ आपलासा वाटू लागतो तो इथे.

क्वांटाइज, म्हणजे ठोके आपोआप ग्रिडवर नेमके बसवण्याची सोय, मात्र जपून वापरावे. १२० च्या टेम्पोला सोळाव्या भागाची नोट १२५ मिलिसेकंदांची असते. तिच्या तुलनेत स्नेअर १० मिलिसेकंद मागे पडत असेल, तर ती चूक नसून त्या वादकाची बैठक असू शकते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) ग्रिडवर आणावी, पण स्नेअर आणि हाय-हॅट हाताने वाजवलेले तसेच राहू द्यावे.

सूर ही अनेक ड्रमवादकांची कच्ची बाजू असते. तिथे कॉर्डच्या मागे न लागता बेसपासून सुरुवात करावी: पॅडवर एकाच स्केलमधले चार-पाच स्वर लावून बेसलाइन स्टिकनेच वाजवावी. किकलाही सूर असतो, त्यामुळे ती गाण्याच्या स्केलशी जुळवून घ्यावी. ए स्वरात गाणे असेल तर ५५ हर्ट्झवरची किक चपखल बसते. मग बेस आणि किक एकमेकींना झाकू लागल्यास साइडचेन कॉम्प्रेशनने (एका आवाजाच्या इशाऱ्यावर दुसरा कमी करण्याच्या पद्धतीने) किकच्या क्षणी बेस किंचित दाबावा.

आठ बारचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जमला की त्यातच घुटमळण्याचा मोह होतो, आणि ड्रमर तर त्यावर फिल आणि नवे ठेके चढवतच राहतो. त्याऐवजी लूप चालू ठेवून दहा मिनिटे सलग वाजवावे, एकेक थर काढून पाहावा, फिल्टर आणि डिले हाताने फिरवावेत, हे सगळे ध्वनिमुद्रित करावे आणि त्यातूनच गाण्याचे भाग कापून घ्यावेत. गिटार किंवा गायक सोबत नसताना जागा भरण्यापेक्षा ती मोकळी सोडणे अधिक अवघड जाते, म्हणून याचा सराव वेगळा करावा.

मंचावर दोन्ही पाय कामाला लावावेत: एका पायाने किकचा ट्रिगर, दुसऱ्याने पुढचा भाग सुरू करणारा फूटस्विच. क्लिक (लय धरून ठेवणारी मेट्रोनोमची टिकटिक) इंटरफेसच्या स्वतंत्र आउटपुटमधून फक्त स्वतःच्या कानात घ्यावी आणि ती मुख्य स्पीकरमध्ये जात नाही, हे साउंडचेकच्या वेळीच ऐकून पाहावे.