गुलकंद, संत्र्याची साल आणि पोलिश पोंचकी

पोंचकी म्हणजे खमीर आलेल्या पिठाचा तळलेला गोळा, आत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा. ईस्टरच्या ५२ दिवस आधीच्या गुरुवारी पोलंडमध्ये ती घरोघरी खातात, कारण पुढे मोठा उपवासकाळ असतो आणि त्याआधी घरातली चरबी, अंडी, साखर संपवायची असते. अमेरिकेत गेलेल्यांनी वार बदलला. डेट्रॉइटने वेढलेल्या हॅमट्रॅमकमध्ये उपवासकाळाआधीच्या मंगळवारी पहाटेच बेकऱ्यांपुढे रांगा लागतात. सारणात कस्टर्ड आलं, स्ट्रॉबेरी आली. पीठ मात्र अंड्याच्या बलकाचंच राहिलं. आपणही तेच करावं: सारणात हवा तो बदल, पिठात नाही.

हा गुरुवार बहुतेकदा फेब्रुवारीत येतो. तेव्हा वरुड, मोर्शी, काटोलकडे मृग बहाराचा संत्रा निघालेला असतो. पोंचकीवर साखरेत मुरवलेली संत्र्याची साल घालायची रीत पोलंडचीच आहे. चार संत्र्यांची साल कोमट पाण्यात चोळून धुवा, आतलं पांढरं चमच्याने खरवडा, बारीक कापा. दोनदा उकळून पाणी फेका, नाहीतर कडवटपणा राहतो. मग सालीइतकीच साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. नागपुरी संत्र्याची साल पातळ असते, लक्ष ठेवा.

पीठ १७-१८ नगांचं: मैदा ५०० ग्रॅम, कोरडं यीस्ट ७ ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, कोमट दूध २२० मिली, पाच बलक (गावरान अंडी लहान असतील तर सहा), वितळवून गार केलेलं लोणी ६० ग्रॅम. तेल कमी शिरावं म्हणून पोलिश बाया चमचाभर कडक दारू घालतात. त्याऐवजी चमचाभर व्हिनेगर चालतं. दुधात यीस्ट आणि चिमूट साखर घालून दहा मिनिटं ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट मेलेलं आहे, पुढे जाऊ नका. लोणी सगळ्यात शेवटी, थोडं थोडं घाला; आधी घातलं तर पिठाला ताण येत नाही. परातीत पंधरा मिनिटं मळा. पीठ मऊ आणि थोडं चिकट असतं. मैदा वाढवायचा मोह आवरा, त्यानेच पोंचकी घट्ट होते.

ओलं फडकं झाकून दुप्पट होऊ द्या. फेब्रुवारीच्या दुपारी दीडेक तास लागतो. एप्रिल-मे महिन्यांत दूध गारच घ्या आणि अर्ध्या तासापासून बघत राहा; जास्त फुगलं की आंबूस वास येतो आणि गोळा तळताना बसतो. ५० ग्रॅमचे गोळे वळा, मैदा भुरभुरलेल्या कापडावर पुन्हा फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा हळूहळू भरला, की तळायला तयार.

कढईत शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल चार बोटं खोल हवं, १७५ अंशांवर. थर्मामीटर नसेल तर पिठाचा तुकडा टाका: तीन-चार सेकंदांत वर यावा आणि सावकाश रंगावा. चुलीवर तेल चढतच जातं, म्हणून लाकडं मागे ओढून निखाऱ्यावर तळा. एका वेळी चारच, वरची बाजू खाली करून सोडा. प्रत्येक बाजू अडीच मिनिटं. कमरेला फिकट पट्टा उमटला की काम जमलं. पट्टा नसेल तर गोळा पुरता फुगला नव्हता किंवा तेल उथळ होतं. बाहेर काळा, आत कच्चा म्हणजे तेल फार तापलं; तेलकट झाला तर तेल थंड होतं.

गुलकंद आधी भरू नका, पातळ होऊन फुटतो आणि तेल जळतं. १०० ग्रॅम गुलकंदात अर्धा चमचा लिंबाचा रस घालून मिक्सरमधून फिरवा; आख्ख्या पाकळ्या नळीत अडकतात. केक सजवायच्या नळीने बाजूच्या पट्ट्यातून चमचाभर भरा. १५० ग्रॅम पिठीसाखरेत दोन-तीन चमचे संत्र्याचा रस कालवून कोमट पोंचकीवर पसरा, लगेच साल पेरा; थर वाळल्यावर ती चिकटत नाही.

त्याच दिवशी खाव्यात. उरल्या तर झाकून बाहेरच ठेवा. फ्रिजमध्ये त्या लवकर शिळ्या होतात.