वेगास नीट बघायचंय? मग स्ट्रिपपासून सुरू करू नका

बहुतेक जण लास वेगासच्या एअरपोर्टवरून थेट स्ट्रिपवर, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या प्रसिद्ध रस्त्यावर जातात, दोन दिवस लायटिंग बघतात, स्लॉट मशिनमध्ये थोडे डॉलर घालवतात आणि परत. मीपण पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गाव जसं वाढलं त्या क्रमाने फिरलो, मग कुठे कळलं की वाळवंटात एवढं शहर उभं राहिलंच कसं. दोन दिवस पुरतात, फक्त उन्हाळ्यात नको, पारा आरामात ४० च्या वर असतो.

सुरुवात पाण्यापासून करा. लास वेगास म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. हसू येतं, पण इथे खरंच झरे होते, इथले मूळ रहिवासी सदर्न पायूट लोक त्यावर जगायचे, नंतर वाटसरूंचे तांडे थांबायला लागले, १८५५ मध्ये मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांनी ओढ्याकाठी कच्च्या विटांचा किल्ला बांधला आणि दोन वर्षांत सोडूनही दिला. त्यातली एक छोटी मातीची इमारत अजून उभी आहे, डाउनटाउनच्या थोडं उत्तरेला. अर्ध्या तासात बघून होते पण चुकवू नका. झऱ्यांच्या जागी आता स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह नावाचं उद्यान-संग्रहालय आहे, झरे मात्र १९६२ मध्ये आटले, शहरानेच उपसून संपवले.

मग डाउनटाउनमधली फ्रेमाँट स्ट्रीट. प्लाझा हॉटेलसमोर उभे राहा, इथेच रेल्वे स्टेशन होतं. सॉल्ट लेक आणि लॉस एंजेलिसच्या मधे इंजिनाला पाणी हवं म्हणून रेल्वेने ही जागा घेतली आणि १५ मे १९०५ ला प्लॉटचा लिलाव केला. समोरचं गोल्डन गेट हॉटेल १९०६ चं. गंमत म्हणजे नेवाडा राज्याने लवकरच जुगारावर बंदी घातली, ती उठली १९३१ ला. त्याच वर्षी घटस्फोट मिळवण्यासाठी राज्यात करावा लागणारा मुक्काम सहा आठवड्यांवर आणला (म्हणजे हॉटेलवाल्यांना सहा आठवड्यांचं गिऱ्हाईक!) आणि त्याच वर्षी हूवर डॅमचं काम सुरू झालं. हजारो कामगार, हातात रोख पगार, आणि त्यांच्यासाठी सरकारने वसवलेल्या बोल्डर सिटीत ना दारू ना जुगार. पगार झाला की सगळे फ्रेमाँटवर. माझ्या मते इथेच शहराचं नशीब फिरलं, माफिया बिफिया नंतर आले.

माफियाचीच आवड असेल तर दोन मिनिटांवर मॉब म्युझियम आहे, जुन्या कोर्टाच्या इमारतीत. निऑन म्युझियममध्ये जुने बोर्ड ठेवलेत, ते संध्याकाळचं आधी बुक करा, दिवसा मजा नाही.

आता ड्यूस नावाची सिटी बस पकडून दक्षिणेला निघा आणि सहारा अव्हेन्यूवर लक्ष ठेवा. ती ओलांडली की तुम्ही ऑफिशियली लास वेगासच्या बाहेर! जवळजवळ सगळी स्ट्रिप शहराच्या हद्दीबाहेर क्लार्क काउंटीत येते. १९४१ मध्ये एल रांचो वेगास हे कसिनो-हॉटेल मुद्दाम हद्दीबाहेर, लॉस एंजेलिसच्या हायवेवर काढलं, जागा स्वस्त, कर कमी, पार्किंग भरपूर, गाडीवाले आयते दारात. मग १९४६ ला माफियावाल्या बग्सी सीगलचं फ्लेमिंगो हॉटेल आलं. सहा महिन्यांत त्याचा खून झाला, हॉटेल मात्र चाललं. सीगलच्या वेळच्या इमारती आता नाहीत, पण मागच्या बागेत त्याच्या नावाची पाटी आहे आणि पलीकडे खरेखुरे फ्लेमिंगो एका पायावर उभे असतात, तेही फुकटात.

पुढचं पटापट बघितलं तरी चालेल. १९६६ ला अब्जाधीश उद्योगपती हॉवर्ड ह्यूज येऊन राहिला आणि पुढे हॉटेलंच विकत घेत सुटला, मग कायदा बदलून मोठ्या कंपन्या आल्या, १९८९ ला मिराज हॉटेलने दारात कृत्रिम ज्वालामुखी उभा केला (आता तेही बंद), १९९८ ला बेलाजिओ हॉटेलची कारंजी. आज स्ट्रिपवरच्या बड्या हॉटेलांना जुगारापेक्षा खोल्या, जेवण आणि शोमधून जास्त पैसा मिळतो, म्हणून खोलीच्या भाड्यावर वेगळी रिसॉर्ट फी लागते, बुकिंग करताना एकूण आकडाच बघा.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हूवर डॅमला जा. वाटेत बोल्डर सिटीत जेवा, तिथे आजही कसिनो नाही. डॅमवरून त्याच्या लेक मीड या तलावाकडे बघितलं की खडकावर पांढरा पट्टा दिसतो, पाणी पूर्वी तिथपर्यंत असायचं. बेलाजिओची कारंजी विहिरीच्या पाण्यावर चालतात, पण वेगासच्या बहुतेक नळांना याच तलावाचं पाणी येतं.