खुंटीवरची पिशवी

आमच्या दाराशेजारच्या खुंटीला एक खाकी पिशवी बारा महिने टांगलेली असते. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात आणि आठवड्यातून एक दिवस तरी आम्ही नाशकात नाहीतर आसपास कुठेतरी हिंडत असतो. "नेताना काय काय नेता हो?" असं ओळखीतल्या दोन-तीन आयांनी विचारलं, म्हणून हे लिहायला बसले. लिहिताना लक्षात आलं, यातली फारच थोडी तयारी मला आधी सुचलेली आहे. बाकी सगळं आधी फजिती झाली आणि मग पिशवीत गेलं.

पिशवीत कायम राहणाऱ्या वस्तू आधी सांगते. धाकट्याच्या कपड्यांचे दोन जोड. एक पुरत नाही. जुना पंचा, कारण तो टॉवेलच्या आधी वाळतो. जुनी वर्तमानपत्रं बसायला, पुसायला आणि ओल्या बुटांत बोळे करून कोंबायला. ओआरएसची दोन पाकिटं, चिकटपट्टी, लिमलेटच्या गोळ्या. भिंग, सुतळीचा गुंडा, खडू आणि पेन्सिली. पेन नकोच, पावसात सगळी शाई पानभर पसरते. डबा स्टीलचा आणि घट्ट झाकणाचा. आत गुळाच्या दशम्या नाहीतर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. वेफर्सचं पाकीट मी नेत नाही. त्यात तब्येतीचा विचार वगैरे काही नाही, डोंगरावरची माकडं कुरकुरणारं पाकीट लांबून ओळखतात, एवढंच.

एक तयारी पिशवीत मावत नाही. मंगळवारी सकाळी अकरा वाजता दोन पोरं घेऊन एसटीत बसलं की शेजारून प्रश्न येतोच, "आज शाळा नाही का रे?" मुलांना एक वाक्य पाठ करून द्या. आमचं ठरलंय, "आम्ही घरी शिकतो." हे ठरायच्या आधी धाकट्यानं एका आजींना "मला शाळेतून काढून टाकलं" असं फार रंगवून सांगितलं होतं. त्याला चिक्की मिळाली, माझ्याकडे मात्र आजींनी निफाड येईपर्यंत बघितलं नाही. त्याच जोडीला एक नोंदवही ठेवा. तारीख, ठिकाण, काय पाहिलं, तिकीट असेल तर चिकटवायचं. एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात आणि दहावीची परीक्षा चौदाव्या वर्षानंतर देता येते. तिथे ही वही कुणी मागणार नाही, पण "वर्षभर काय केलंत?" असं घरातल्या मोठ्यांनी विचारलं की मी ती उघडून पुढे ठेवते.

वार निवडायची मोकळीक ही घरी शिकण्यातली सगळ्यात मोठी चैन. शनिवार-रविवार आम्ही घरी बसतो. त्र्यंबकच्या बाजूला सोमवारी जात नाही. श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे ब्रह्मगिरीची फेरी, तेव्हा त्र्यंबक रोडचं नावही काढायचं नाही. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी रस्ता कुठून वळवलाय ते विचारून ठेवायचं.

आमचं वर्ष मृगापासून सुरू होतं. पहिल्या सरीनंतर लाल मखमली मृगाचे किडे दिसतात. त्यासाठी कुठे जावं लागत नाही, कॉलनीमागचा मोकळा प्लॉट पुरतो. न्यायचं फक्त भिंग आणि बघून झालं की किडा होता तिथेच सोडायचा.

जुलै-ऑगस्टचं मुख्य काम म्हणजे दुतोंड्या मारुती. गोदाघाटावरचा हा मारुती आख्ख्या नाशिकचं पूरमापक आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं लोक बोलतात आणि त्यावरून बाजारपेठेनं सामान हलवायचं की नाही ते ठरतं. आम्ही वहीत मारुतीचं चित्र काढून शेजारी पट्टीसारख्या रेघा मारल्यात आणि प्रत्येक वेळी तारीख घालून त्यावर पाण्याची रेघ ओढतो. पुढचा हिशेब घरचाच. बातमीत गंगापूर धरणातून इतके क्युसेक विसर्ग असं म्हणतात, तर एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आमच्या न्हाणीघरातल्या बादलीत चौदा लिटर पाणी बसतं, म्हणजे दोन बादल्या. तीन हजार क्युसेक सोडले की थोरली सांगते, "आई, सेकंदाला सहा हजार बादल्या!" ज्या दिवशी हे तिनं पहिल्यांदा काढलं त्या दिवशी तिनं नळ घट्ट बंद केला आणि दुसऱ्या दिवशी विसरली. तयारी इतकीच की पूर बघायचा तो होळकर पुलावरून, कठड्यापासून हातभर मागे उभं राहून, दोन मुलांना दोन मोठी माणसं असतील तरच. घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. एकटी असेन त्या दिवशी मी जातच नाही. सोमेश्वरच्या धबधब्याचंही तसंच, जोर असेल तर लांबून. दुगारवाडीच्या धबधब्याचा विचार मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत मनातही आणू नका. तिथे पाणी वरच्या डोंगरात पडतं आणि खाली कळायच्या आत वाढतं.

बुधवार सकाळ असेल आणि पाणी उतरलेलं असेल तर गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. दोन कापडी पिशव्या, सुट्टे पैसे आणि मुलांना प्रत्येकी वीस रुपये. पेठ-त्र्यंबककडच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात. करटुली, कुरडू, टाकळा. अट एकच, जी भाजी घ्यायची ती कशी करायची हे विकणाऱ्या मावशींनाच विचारायचं आणि घरी येऊन तशीच करायची. टाकळ्याला मुलांनी नाकं मुरडली. मीही थोडी मुरडली.

इगतपुरीकडे भाताची आवणी चालू असते तेव्हा एक दिवस तिकडे. आधी ओळख काढून शेतकऱ्याची परवानगी घ्यायची आणि आवणीच्या घाईत आपण लुडबूड करायला आलोय हे विसरायचं नाही. बांधाकडचा एक कोपरा मागून घ्यायचा. पायाला जखम, खरचटणं असेल तर त्या मुलानं चिखलात उतरायचं नाही, इथे लाड नाहीत. आम्ही गेलो तेव्हा बायका वाकून, न बघता, रोपांची जुडी डाव्या हातात धरून उजव्या हातानं रोपं चिखलात खोचत मागे मागे सरकत होत्या. थोरलीनं तेवढ्या वेळात सात रोपं लावली, त्यातली तीन आडवी झाली. धाकटा पहिल्या पावलातच खाचरात बसला. कपड्याचा एकच जोड होता, तो दुसऱ्यांदा बसला तेव्हा संपला. परतीच्या प्रवासात तो बाबाच्या शर्टात होता आणि बाबा रेनकोटच्या आत बनियनवर. पिशवीतले दोन जोड तेव्हापासून.

भाद्रपदात अंजनेरीचा डोंगर. सोनकी, तेरडा फुललेला असतो. अंजनेरीचंच नाव लावणारी सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदिलासारख्या फुलाची दुर्मीळ वनस्पती इथली. ती दिसलीच पाहिजे असा हट्ट नाही आणि दिसली तरी हात लावायचा नाही. बूट पकड असलेले हवेत, रबरी चप्पल शेवाळावर घात करते. पायथ्यापासून गडापर्यंत सगळं चढायची गरजही नाही. पाच वर्षांच्या पोराला पहिल्या टप्प्यात जेवढा दगड, गोगलगाय आणि माती मिळते तेवढी पुरते. पाऊस फारच धरला तर खाली त्र्यंबक रोडवरच नाण्यांचं संग्रहालय आहे. आधी फोन करून जायचं आणि मुलांच्या खिशात आजचं एक नाणं द्यायचं, म्हणजे जुन्याशी ताडून बघता येतं.

पावसाळा संपला की पांडवलेणी. चोवीस लेणी आहेत, त्यातली दोन बघायची. हे मी सगळ्यांना बजावून सांगते, कारण चोवीस बघायला गेलेली मुलं एकही बघत नाहीत. त्यातलं एक आम्ही तिसऱ्या क्रमांकाचं घेतो. त्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगणारा. घरून एका कागदावर ब्राह्मीतली चार अक्षरं काढून न्यायची. अधिकच्या चिन्हासारखा क, नुसतं वर्तुळ म्हणजे ठ, मध्ये टिंब असलेलं वर्तुळ म्हणजे थ, घराच्या छपरासारखा ग. मग भिंतीवर शोधायची. हात न लावता, बोट लांब धरून. धाकट्याला वाचता येत नाही, पण "क! अजून एक क!" असं तो अर्धा तास ओरडत होता. देवनागरीतला क त्याला त्यानंतर दोन महिन्यांनी आला. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत, त्यामुळे ऊन चढायच्या आत वर पोचायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. अत्तर, सुवासिक तेल लावून जाऊ नका. कड्याकपारीत आग्या मोहोळं असू शकतात.

ऑक्टोबरपासून द्राक्षं. याला वर्षभराची तयारी लागते, कारण एकदा जाऊन भागत नाही. दिंडोरीजवळ नणंदेच्या सासरची बाग आहे. गोडी छाटणीच्या, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीच्या वेळी मुलांनी एक वेल निवडायचा, त्याला लाल फीत बांधायची आणि त्याच वेलाला महिन्या-दीड महिन्यानं भेटायचं. छाटणीला नुसती काडी, मग फूट, फुलोरा, बाजरीएवढे मणी आणि साधारण चार महिन्यांनी गोड घड. एप्रिलात खरड छाटणीला पुन्हा काडी. प्रत्येक खेपेला त्याच पानावर चित्र. पण निघायच्या आधी फोन केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. एकदा दाजींनीच परत फिरवलं होतं, "वहिनी, आज नका आणू पोरांना. डोळ्यांना पेस्ट लावायचं काम चालूय, ती हाताला लागलेली चांगली नाही." छाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून ते औषध लावतात. फवारणीच्या दिवसांचंही तसंच. तोडलेलं द्राक्ष मुलांच्या तोंडात धुतल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, मालक "काही होत नाही" म्हणाला तरी.

डिसेंबर-जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर, आमच्या वर्षातला सर्वात मोठा दिवस. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, त्यामागे साचलेलं उथळ पाणी. २०१९ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटर, पण पहाटे साडेपाचला निघायचं, आणि निफाडची थंडी चेष्टा नाही. कानटोपी, दोन स्वेटर, हातमोजे, थर्मासमध्ये गवती चहा. कपडे मातकट, हिरवे. लाल-पांढरं काही नको. ८×४० ची एक दुर्बीण घरात पुरते, चापडगावला गावातले गाइड मोठी दुर्बीण लावून दाखवतात. ते पैसे वाचवू नका. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघताना दोघांनाही बाथरूमला पाठवायचं, "नाही लागली" म्हणाले तरी.

आदल्या आठवड्यात फक्त तीन पक्षी ओळखायला शिकवायचे. आम्ही हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी आणि पट्टकदंब हंस घेतले. हंस हिमालय ओलांडून येतो हे ऐकून धाकट्यानं "स्वेटर घालून?" असं विचारलं. जांभळी पाणकोंबडी काठावरच होती. एक पाय रोवून दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत तिनं देठ पकडला, हातात धरावा तसा, आणि चोचीनं सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. थोरली म्हणाली, "ऊस खातेय." हळदीकुंकवाच्या बदकाला शोधायला वीस मिनिटं लागली. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके. दिसलं तेव्हा धाकट्यानं दुर्बीण उलटी धरलेली होती. "किती लांब आहे!" म्हणाला आणि तसाच खूश राहिला. मी सुलटी करून दिली नाही. शांतता वीस-पंचवीस मिनिटं टिकते, त्यानंतर गाडीपाशी येऊन दशम्या खायच्या.

संक्रांतीला सुती दोरा, बोटांना चिकटपट्टी, गच्चीला कठडा. नायलॉन मांजा घरात येणार नाही. संपलं.

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात, वरून रहदारी चालते आणि रंगपंचमीला उघडतात. लहान मुलांना उडी मारायला नाही, वरच्या मजल्यावरचं ओळखीचं घर आठवडाभर आधी पक्कं करायचं. अंगाला खोबरेल, जुने कपडे, केसांना रुमाल. इतर दिवशी तिवंधा चौकातून जाताना धाकटा एकदम थांबतो आणि पाय आपटून म्हणतो, "खाली रंग आहे."

मे महिन्यात आम्ही बाहेर पडत नाही. काजवे बघायला भंडारदऱ्याकडे लोक जातात, आम्ही एकदा गेलो आणि काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त पाहिले. त्याऐवजी २० मेच्या आसपास आमची गच्ची. नाशिक जवळपास बरोबर वीस अक्षांशावर आहे, म्हणून त्या सुमारास दुपारी सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. जुलैतही एकदा येतो, पण तेव्हा ढग असतात. सव्वाबाराला वर जायचं, पायात चप्पल, डोक्याला टोपी, एक उभी बाटली आणि खडू. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. साडेबारानंतर लगेच बाटलीभोवती काहीच उरत नाही. गेल्या वर्षी धाकटा बाटलीभोवती दोन फेऱ्या मारून आला, मग स्वतःच्या पायांकडे बघितलं, आणि सावली चपलेखाली चिकटलीय का ते बघायला चप्पल उचलली. पाय भाजला. म्हणून आता गच्चीवर जाताना गार पाण्याची बादली.

त्यानंतर पिशवी रिकामी करून धुवायची, रेनकोटची शिवण उन्हात धरून भोकं बघायची आणि धाकट्याचे दोन्ही जोड त्याला अजून होतात का ते घालून पाहायचं. यंदाचे होत नाहीत.