मानद डॉक्टरेट: पत्र आलं तर काय तपासावं, मिळाली तर कशी लिहावी

‘आपल्या सामाजिक कार्याची दखल घेऊन आपणांस मानद डॉक्टरेट जाहीर करण्यात येत आहे’ असं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं आणि घरात पेढे वाटले जातात. पत्र येतं तेही बहुधा खरंच काम केलेल्या माणसाला: बचत गट उभे करणाऱ्या बाईंना, निवृत्त शिक्षकांना, प्रयोगशील द्राक्ष बागायतदाराला. अशा माणसाची फसवणूक झाली की त्याचं खरं कामही लोक संशयाने बघू लागतात. म्हणून पेढ्यांआधी तपासणी.

मानद पदवी म्हणजे विद्यापीठाने परीक्षा, प्रबंध, हजेरी यांपैकी काहीही न मागता केवळ सन्मान म्हणून दिलेली पदवी. लॅटिनमध्ये तिला ‘होनोरिस कॉझा’ म्हणतात, म्हणजे सन्मानापोटी. आपल्याकडे ती बहुतेकदा डी.लिट. (साहित्य), डी.एस्सी. (विज्ञान) किंवा एलएल.डी. (कायदा) असते. डी.लिट. आणि डी.एस्सी. संशोधन करूनही मिळवता येतात. त्यामुळे ‘मानद’ हा शब्द गाळला की वाचणाऱ्याची दिशाभूल होते, मग हेतू कितीही चांगला असो.

पहिला प्रश्न एकच: देणाऱ्याला पदवी देण्याचा अधिकार आहे का? विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देऊ शकतात फक्त केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठं, अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था. आयोगाच्या संकेतस्थळावर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खासगी अशा चार याद्या आहेत. पत्रावरचं नाव त्यांत अक्षर न् अक्षर जुळवून बघा, कारण खऱ्या नावात एखादा शब्द घालून नवं नाव करण्याची युक्ती जुनी आहे. मग बनावट विद्यापीठांची यादीही बघा. नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचं नाव तिथे अनेक वर्षं होतं. नाव खऱ्या विद्यापीठाचं निघालं तर कुलसचिव कार्यालयाला फोन करून खात्री करा. क्रमांक संकेतस्थळावरून घ्या, पत्रावरचा नको. नाशिकमधलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचं नाव पत्रावर असेल, तर नाशिककराने सरळ जाऊन विचारावं.

आता प्रमाणपत्र हातात घेऊन नीट वाचा. खाली आयएसओ क्रमांक, उद्यम नोंदणी, कंपनी नोंदणी, एनजीओ दर्पणचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचा) क्रमांक अशी रांग दिसली तर तिथेच थांबा. हे क्रमांक खरेही असतील, पण त्यांचा पदवीशी काही संबंध नाही. आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या व्यवस्थापनाचं प्रमाणन आहे आणि उद्यम नोंदणी लघुउद्योगाची असते. विद्यापीठाला लागतो तो कायदा, आणि नेमका त्याचाच उल्लेख तिथे नसतो. दुसरी खूण पैशांची. नोंदणी शुल्क, गाऊन-टोपीचं भाडं, हॉटेलातल्या सोहळ्याची ‘देणगी’ अशी नावं बदलतात, मागणी तीच राहते. सन्मान करणारं विद्यापीठ सन्मानितांकडे पैसे मागत नाही. कलम २२ मोडल्यास दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये आहे. हा धंदा का फोफावतो, याचं बरंचसं उत्तर त्या आकड्यात आहे.

खरी मानद पदवी सावकाश ठरते. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत नाव अधिकार मंडळांपुढून जातं, कुलपतींची म्हणजे राज्यपालांची संमती लागते आणि पदवी बहुधा दीक्षान्त समारंभात दिली जाते. विद्यापीठागणिक कायदा वेगळा, म्हणून मंडळांची नावं आणि टप्पे बदलतात. पत्र आल्यावर आठवड्याभरात सोहळा असेल, तर ती घाईच पुरेशी बोलकी आहे.

पदवी खरी निघाली, तर ती लिहायची कशी? नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, हा सर्वमान्य संकेत. पदवी नावानंतर, कंसात ‘मानद’ आणि जोडीला विद्यापीठाचं नाव: ‘वि. वा. शिरवाडकर, डी.लिट. (मानद), पुणे विद्यापीठ’. ही पदवी त्यांना १९८६ मध्ये मिळाली, तरी नाशिकसाठी ते कुसुमाग्रज आणि तात्यासाहेबच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ मात्र अभ्यासाने मिळवलेलं आहे: लंडनची डी.एस्सी. १९२३ ची, कोलंबियाची पीएच.डी. १९२७ ची. कोलंबियाची मानद एलएल.डी. १९५२ मध्ये आणि उस्मानियाची मानद डी.लिट. १९५३ मध्ये, म्हणजे खूप नंतर आली. निमंत्रणपत्रिका छापताना गल्लत होते ती नेमकी इथेच.

सूत्रसंचालकाला वाक्य आधीच लिहून द्या: ‘अमुक विद्यापीठाने मानद डी.लिट. देऊन गौरवलेले…’ ऐन वेळी तो ‘डॉक्टर’ म्हणून मोकळा होतो आणि दुसऱ्या दिवशी बातमीतही तेच छापून येतं.

बायोडाटात मानद पदवी ‘पुरस्कार व सन्मान’ या भागात, वर्षासह जाते. ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात कधीच नाही. नोकरी, पदोन्नती किंवा संशोधनाचं मार्गदर्शन यांसाठी ती मिळवलेल्या पीएच.डी.ची जागा घेत नाही. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारीसोबतच्या शपथपत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, म्हणून तिथे मिळवलेलं शिक्षणच लिहा. सर्वांत धोकादायक वापर उपचार केंद्राच्या पाटीवरचा. मालीश, निसर्गोपचार किंवा आहारसल्ल्याच्या दारावर मानद पदवीचं ‘डॉ.’ दिसलं की रुग्ण विश्वासाने आत जातो आणि खऱ्या डॉक्टरकडे पोहोचायला उशीर होतो. अशी पाटी आजच उतरवावी.

पैसे भरून झाले असतील तर लाजून गप्प बसू नका. पत्र, पावती, चॅट आणि खात्याचे तपशील जपून ठेवा. ऑनलाइन भरले असतील तर लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार पोचली, तरच ते अडवता येण्याची शक्यता राहते.