टाकी उतरवण्याआधी

मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून आंबा घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या ट्रकची डिझेल टाकी चिरे किंवा सिमेंट वाहणाऱ्या ट्रकच्या कितीतरी आधी सडते. बर्फ वितळतो, मासळीचं खारट पाणी फळ्यांतून झिरपून चेसिसवर उतरतं आणि टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली जाऊन बसतं. तिथली रबरी पट्टी झिजलेली असली की लोखंडावर लोखंड घासतं, रंग उडतो, आणि ते मिठाचं पाणी तिथून हलत नाही. वर रत्नागिरीचा पाऊस आहेच. माझ्या गाडीची टाकी आजवर तीनदा गंजली. पहिल्यांदा मी स्वतः नीट केली आणि ती टिकली. दुसऱ्यांदा स्वतः केली आणि फसलो. तिसऱ्यांदा हात न लावता बदलून टाकली. या तीन वेळांतून जी तयारी पक्की झाली ती इथे लिहितो आहे. गावोगावी तरुण पोरं गाडी घेऊन स्वतः चालवतात, डोक्यावर हप्ता असतो, आणि ‘टाकी आपणच डागून घेऊ’ म्हणतात. त्यांच्या जिवाची मला काळजी वाटते.

आधी दिवस ठरवा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, गाडी दारात उभी असते, म्हणून सगळे हे काम तेव्हाच काढतात. नेमक्या त्याच दोन महिन्यांत हवेत इतका दमटपणा असतो की धुतलेला पत्रा तासाभरात तांबूस पडतो. टाकी मे महिन्यातच तपासा आणि काम करायचं असेल तर तेव्हाच उरका. बंदीच्या काळात गाडी उभी करताना टाकी भरलेली ठेवा, फक्त डिझेल फुगायला थोडी जागा वर सोडा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाशी बसतं आणि टाकी आतून खायला लागतं.

मग गंज आतला की बाहेरचा, हे ठरवा. हे दोन वेगळे आजार आहेत. बाहेरचा डोळ्यांना दिसतो. आतला गाडीच्या चालीत दिसतो: सपाटीला गाडी गुळगुळीत पळते, घाट लागला की दम सोडते, थोडा वेळ थांबलं की पुन्हा ठीक. चढाला तळाचा गाळ ढवळून सक्शन पाइपच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीच्या, तोंडाशी येतो, त्याचा हा प्रकार. खात्री करायची तर गाडी रात्रभर हलवू नका, सकाळी टाकीच्या तळाचा ड्रेन नट सैल करून पहिलं लिटरभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि ती बाटली दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच राहू द्या. खाली पाणी, वर डिझेल, आणि दोन्हींच्या मधोमध काळपट बुळबुळीत थर दिसला तर तिथे जिवाणू वाढलेले आहेत. ते डिझेलवर जगतात, पाण्यात राहतात आणि आम्ल सोडतात. जुना फिल्टर कापून त्यातली माती पांढऱ्या कापडावर झटकून बघा. काळसर गंज चुंबकाला धरतो, तांबूस फारसा धरत नाही, म्हणून नुसत्या चुंबकावर भिस्त ठेवू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच लोक टाळतात. गंज किती आहे यापेक्षा पत्रा किती उरला आहे ते बघायचं. टाकीचा पत्रा मुळात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. पहिल्या वेळी मी टाकी रिकामी करून उतरवली, पट्ट्यांच्या जागा हाताने तारेच्या ब्रशने घासल्या आणि पेचकसाचं टोक दाबून पाहिलं. कुठेही आत गेलं नाही. लाकडी मोगरीने ठोकून आवाज ऐकला, सगळीकडे सारखा खणखणीत. म्हणजे गंज वरवरचा होता. घासणं, गंजरोधक प्रायमर, दोन हात रंग, पट्ट्यांखाली नवीन रबर, एवढ्यावर ती टाकी पुढे चार वर्षं चालली. असं काम कुणीही घरी करावं. पण पेचकस रुतला, आवाज बद्द आला, किंवा खालच्या जोडावर ओलसर डाग दिसला, तर पुढचा विचार वेगळा करावा लागतो.

भोक शोधायला खडू पाण्यात कालवून बाहेरून लेप द्या, वाळू द्या, टाकीत थोडं डिझेल टाकून ती एकेका बाजूवर काही तास ठेवा. जिथे झिरपतं तिथे पांढऱ्यावर काळसर डाग उमटतो. टायरच्या कंप्रेसरने हवा भरून तपासू नका. टाकीच्या सपाट बाजू हवेच्या दाबासाठी बनलेल्या नसतात, जोड फुटला तर पत्रा अंगावर येतो.

भोक सापडलं की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो वेल्डिंग. इथे मी हात जोडून सांगतो, घरी नाही, रस्त्याकडेच्या टपरीतही नाही. ‘डिझेलमध्ये काडी टाकली तरी विझते’ हे मीही लहानपणापासून ऐकत आलो. थंड, भरलेल्या डिझेलबाबत ते बरंचसं खरं आहे. पण डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, आपल्या मानकात किमान 35 अंश सेल्सिअस धरला आहे, आणि वेल्डिंगच्या टोकाशी पोलाद वितळत असतं, म्हणजे दीड हजार अंशांच्या आसपास. जोडाच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्यांत मुरलेलं डिझेल त्या उष्णतेने वाफ होऊन बाहेर येतं. रिकाम्या टाकीत त्या वाफेला हवा मिळते, म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक. पेट्रोलच्या टाकीला तर एवढी उष्णताही लागत नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली 40 अंशांच्या आसपास असतो.

‘आम्ही धुऊनच करतो’ असं मिस्त्री सांगतात, आणि मनापासून सांगतात. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर वास जातो, घडीत बसलेलं तेल जात नाही. काही जण टाकी पाण्याने भरून वरच्या बाजूला वेल्डिंग करतात. ट्रकच्या टाकीत डिझेल हेलकावू नये म्हणून आत आडवे पडदे असतात, त्यांच्या आडोशाला वाफेचे कप्पे तसेच राहू शकतात. सगळ्यात फसवी युक्ती म्हणजे चालू गाडीच्या सायलेन्सरचा धूर नळीने टाकीत सोडणं. धुराने आतली हवा हटते आणि आग लागत नाही, अशी समजूत. पण डिझेल इंजिन गरजेपेक्षा खूप जास्त हवा ओढतं, आणि नुसतं उभं राहून चालू असेल तर त्याच्या धुरात भरपूर प्राणवायू उरलेला असतो. तो धूर टाकीला सुरक्षित करत नाही. ज्याच्याकडे वाफेने टाकी धुण्याची सोय आहे, आत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरण्याची सोय आहे आणि ज्वलनशील वायू मोजायचं यंत्र आहे, त्याच्याकडेच हे काम द्या. जाऊन विचारा, ‘दादा, वायू मोजायचं यंत्र दाखवा.’ नसेल तर टाकी परत गाडीत घाला आणि घरी या.

वाटेत भोक पडलं तर अंगाच्या साबणाची वडी त्यावर दाबून चोळायची, हा जुन्या ड्रायव्हरांचा उपाय खरंच चालतो, कारण साबण डिझेलमध्ये सहज विरघळत नाही. तो गॅरेजपर्यंत पोचायला आहे. दोन भाग कालवून लावायची इपॉक्सीची लांबी, म्हणजे भोक बुजवायचा लगदा, वरच्या बाजूच्या टाचणीएवढ्या भोकाला, पत्रा चकचकीत आणि कोरडा करून लावली तर टिकते. तळाच्या जोडाला ती लावून महिनोन्महिने फिरू नका. जिथे एक भोक पडलं तिथे आजूबाजूचा पत्रा कागदासारखा झालेला असतो.

आतला गंज काढायचा ठरला तर सामानाआधी हिशेब करा. 200 लिटरच्या टाकीला 5 टक्के सायट्रिक ॲसिडचं, म्हणजे आपल्या लिंबूसत्त्वाचं, पाणी भरायचं तर 10 किलो सत्त्व लागतं. त्यानंतर धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग वाळवणं. शेवटी हाती उरतं शेकडो लिटर तेलकट आम्लाचं पाणी. ते पऱ्यात, विहिरीजवळ, माडाच्या आळ्यात ओतायचं नाही. ते कुठे द्यायचं हे आधी ठरत नसेल तर काम सुरूच करू नका. संडास धुण्याचं ॲसिड वापरू नका, ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं. कुठलंही आम्ल लोखंडावर हायड्रोजन सोडतं, म्हणून झाकण उघडं, जागा मोकळी, आणि विडी-काडी दूर. आत बघायला बल्ब लोंबकळवू नका, आरशाने उन्हाची तिरीप आत टाका, छान दिसतं.

दुसऱ्या वेळी मी फसलो ते इथे. टाकी आतून स्वच्छ केली, पण श्रावणात. नीट वाळली नव्हती, तरी आतून लेप दिला. सहा महिन्यांनी त्या लेपाचे पापुद्रे सुटून सक्शन पाइपच्या तोंडाशी गोळा झाले आणि गाडी रात्री घाटात उभी राहिली, मागे अख्खी मासळी. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: आतून लेप देऊच नये. गंज धुऊन गेल्यावर पत्रा शाबूत असेल तर लगेच डिझेल फिरवून भरून टाका, तेच त्याचं रक्षण. आतून जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ‘गंजत नाही’ म्हणून कुणी सुचवेल, तोही नको. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होते आणि त्याचा साका फिल्टरमध्ये येतो.

गाडी कोणत्या पिढीची आहे यावरही निर्णय बदलतो. जुन्या पंपाच्या गाडीत थोडी घाण फिल्टर खाऊन टाकायचा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाड्यांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणारी एकच जास्त दाबाची नळी, असते, डिझेल दीड-दोन हजार बारच्या दाबाने नोझलमधून जातं आणि आतल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात. तिथे गंजाची पूड गेली तर पंप आणि नोझलचा खर्च नव्या टाकीच्या कितीतरी पुढे जातो. अशा गाडीची टाकी आतून गंजली असेल तर मी धुण्याचा घाटही घालणार नाही, नवीनच बसवेन. तिसऱ्या वेळी तेच केलं. भंगारातली जुनी टाकी घेत असाल तर तिचीही पेचकस, मोगरी, खडू ही परीक्षा तिथल्या तिथेच घ्या.

एवढं सगळं बघून उतरवायचीच ठरली, तर टाकी जवळपास रिकामी असेल असा दिवस धरा. भरलेल्या 200 लिटरचं वजन सुमारे 165 किलो होतं, पट्टा सैल करताना ते अंगावर येऊ नये. गाडी सपाट जागी, उघड्यावर, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. बॅटरीची अर्थची वायर आधी काढा. डिझेल हातपंपाने पत्र्याच्या बॅरलमध्ये काढा, तोंडाने नळी ओढू नका. डिझेल फुफ्फुसात गेलं तर माणूस दवाखान्यात जातो. जवळ वाळूच्या दोन बादल्या आणि कोरड्या पावडरचा अग्निशामक हवा, तेलाच्या आगीवर पाणी चालत नाही. बीएस-6 गाडीला शेजारी निळ्या झाकणाची डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या पाण्याची, टाकी असते, तिची भांडी, नरसाळं सगळं वेगळं ठेवा, एकाचं दुसऱ्यात गेलं की मोठं नुकसान. सक्शन आणि रिटर्नच्या नळ्यांना वेगळ्या रंगाचं सूत बांधा. फ्लोटचं (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाचं) पॅकिंग, दोन डिझेल फिल्टर आणि पट्ट्यांचं रबर आधीच आणून ठेवा. हवा आत-बाहेर करणारी बारीक नळी फुंकून मोकळी करा. ती तुंबली तर नवी टाकीही डिझेल देत नाही, आणि दोष भलत्याच गोष्टीला लागतो. सोबत एक माणूस हवाच.

टाकी चढवल्यावर आधी 20 लिटर टाका, तासभर खाली पुठ्ठा ठेवून डाग पडतो का बघा, मग भरा, लाइनमधली हवा काढा. पहिली फेरी रिकामी किंवा हलक्या मालाची ठेवा, फिल्टर आणि पाना केबिनमध्ये. साखरप्याला, घाट लागण्याआधी, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि दोन्ही पट्ट्यांखाली, खालच्या जोडावर कोरडं फडकं फिरवून बघा. फडकं कोरडं आलं तर घाट चढा, ओलं आलं तर तिथूनच परत फिरा.